हातची जट

"ओढणी सोडू नकोस हं डोक्यावरची," गाडी लावता लावता दिग्विजय म्हणाला. "निदान चहा होईपर्यंत तरी."

"आणि चहा झाल्यावर?"

"मग मी आईला सांगतो."

"म्हणजे? तू अजून सांगितलंच नाहीस?" मी जवळजवळ किंचाळलेच. पुण्यापासून आजऱ्यापर्यंत हा गृहस्थ मला सांगत होता की घरी सगळं सांगून झालंय, तू बिनधास्त चल.

"सांगितलंय की. केस जरा कुरळे आहेत असं सांगितलंय."

जरा कुरळे! अहो, माझ्या डोक्यावर तेव्हा पाठीच्या मध्यापर्यंत पोचणारे लॉक्स होते. करंगळीएवढ्या जाडीचे, घट्ट वळलेले, एकेक सुटा. ड्रेडलॉक्स म्हणतात ते. कुणाच्या पार्लरात जाऊन केलेले नाहीत. चार वर्षं स्वतःच्या हातानं वाढवलेले, राखलेले. लहानपणी अकोल्यात माझी आई माझ्या डोक्याशी झटापट करायची तेव्हा आठवड्याला एक कंगवा मोडायचा. काकू म्हणायच्या, ही पोरगी नाही, भांडी घासायची तार आहे. पुण्याला नोकरीला आले आणि एक दिवस ठरवलं, बस झालं. या केसांना जे व्हायचंय ते होऊ द्यायचं, पण आपल्या देखरेखीखाली. तेव्हापासून मी आरशासमोर ताठ मानेनं उभी राहायला लागले. कुणी मला म्हणालं असतं की लग्न हवं तर हे काप, तर मी लग्नाला लांबूनच नमस्कार केला असता. पण दिग्विजयही मला हवाच होता, आणि तोसुद्धा वाजतगाजत, त्याच्या आईच्या होकारानं. पळून जाऊन, रजिस्ट्रारच्या ऑफिसात दोन सह्या ठोकून वगैरे मला नको होतं. मला हळद हवी होती, वरात हवी होती, उखाणा घ्यायचा होता. मी तर उखाणा पाठसुद्धा करून ठेवला होता!

आज या गोष्टीला अकरा वर्षं होऊन गेली, तरी त्या दारात उभं राहताना मी ओढणी तीनतीनदा सारखी केली होती ते अजून आठवतं.

दिग्विजयच्या आई, म्हणजे शालनताई, दारातच उभ्या होत्या. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात तांब्या. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात या आणि दिग्विजयची एक थोरली आत्या, एवढ्याच दोघी. आत्याबद्दल तो फक्त एवढंच बोलला होता की ती देवाधर्माची आहे, फारशी बोलत नाही.

"आलीस व्हय गं बाय! थांब, थांब, आत येऊ नगंस," त्या हसत म्हणाल्या. भाकरीचा तुकडा माझ्यावरून उतरवून टाकला, पायावर पाणी घातलं. इतका प्रेमळ चेहरा! माझी सगळी भीती पळाली. मी भारावून जाऊन चटकन नमस्काराला वाकले आणि ओढणी घसरली. नुसती घसरली नाही, तर सगळे लॉक्स भसकन पुढे येऊन त्यांच्या पावलांवर पडले.

"आई गं! यल्लम्मा!"

तांब्या ठणठणत ओट्यावरून खाली गेला. मी मान वर करते तोवर शालनताई माझ्या पायांवर डोकं ठेवून मोकळ्या! होणारी सासू होणाऱ्या सुनेच्या पाया पडते, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी दिग्विजयकडे पाहिलं. तो हातात बॅग घेऊन खांबासारखा उभा.

"तानूबाई, अगं पळत ये! देवी आली दारात!" शालनताईंनी शेजारी हाक दिली.

आणि मग जी काही धांदल उडाली म्हणता! तानूबाई ओल्या हातानंच धावत आली. तिच्यामागून आणखी पाच-सात बायका. मला ओसरीवर पाटावर बसवलं. कुणी हळद आणली, कुणी कुंकू, कुणी नारळ. माझ्या एकेका लॉकला हळद-कुंकू लावायला सुरुवात झाली. एका म्हातारीनं तर एक लॉक उचलून आपल्या डोळ्यांना लावला. मी आपली खूश! मला वाटलं, इकडची पद्धतच असावी, आणि केस इतके आवडले म्हणजे काम फत्ते झालं. ज्या केसांना सगळ्या जगानं नाकं मुरडली त्यांची इथं पूजा चाललीय! मी दिग्विजयला हळूच डोळाही मारला. तो मात्र डोक्याला हात लावून बसला होता.

"किती येळ झाला येऊन?" तानूबाईनं विचारलं.

"हे काय, आत्ताच आलो."

"तू न्हवं गं. ही. जट."

"काय?"

"जट, जट! देवीची जट. कवा आली अंगावर?"

आता माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. वऱ्हाडात मी असलं काही पाहिलं नव्हतं, पण ऐकलं होतं की या भागात केसांत गुंता होऊन जट झाली की देवीचं बोलावणं आलं म्हणतात. ती कापत नाहीत, विंचरत नाहीत, साबण लावत नाहीत. आणि ज्या बाईला जट आली ती देवीची.

"अहो नाही हो," मी घाईघाईनं म्हणाले, "हे मी केलेत. हातानं. ही फॅशन आहे."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. लहान मूल काही तरी बोबडं बोलल्यावर हसतात तशा.

"सुरुवातीला समदीच असं म्हणत्यात," म्हातारी म्हणाली.

तोवर शालनताई माझ्यासमोर येऊन बसल्या होत्या. डोळे भरलेले. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"पोरी, ओढणीतला फोटो बघितला तवाच मला पसंत हुतीस. वाटलं, दिगूनं झ्याक पोरगी बघितली. पण आमचं नशीब न्हाई गं."

"म्हणजे?"

"देवीच्या माणसाला सून कशी करून घ्यायची? देवीचं कुक्कू तुझ्या कपाळाला. माझ्या लेकानं तुझ्या गळ्यात मंगळसूत्र घातलं, तर तो वाचंल का?"

मी थक्क! हाकलून देतील, नावं ठेवतील, केस काप म्हणतील, सगळ्याची तयारी करून मी आले होते. वाद कसा घालायचा तेही घोकून ठेवलं होतं. पण हातात हात घेऊन, रडून, पाया पडून नकार येईल, हे कुणाच्या बापाला सुचलं असतं?

"आई, वेडी आहेस का तू?" दिग्विजय शेवटी ओरडला. "ती क्रोशाच्या सुईनं करते ते. दर महिन्याच्या एका रविवारी. मी बघत बसतो समोर!"

"जट हातानं हुती व्हय रे? मग तुझ्या आक्का आत्याला काय हातानं झाली?"

"आक्काची एकच आहे, एवढी मोठी. हिच्या सगळ्या बारीक आणि सुट्या आहेत. मला तर कधी दोन्ही एक वाटल्याच नाहीत."

"आक्कालाच इच्चारू या," तानूबाई म्हणाली आणि सगळ्या बायकांनी माना आतल्या दाराकडे वळवल्या.

आतल्या खोलीतून आत्या आली. गौराक्का. उंच, सडपातळ, गळ्यात कवड्यांची माळ. पदराखाली डोक्यावर केवढा तरी भार आहे हे लांबूनच दिसत होतं, कारण मान एका बाजूला किंचित कललेली होती. ती आली तशा बायका बाजूला सरल्या. या गावात तिचा शब्द म्हणजे देवीचा शब्द. दिग्विजय माझ्या कानाशी पुटपुटला, "आता ही म्हणेल तेच. आई हिच्यापुढे जात नाही."

माझं लग्न, माझी हळद, माझी वरात, सगळं या बाईच्या तोंडून निघणाऱ्या एका वाक्यावर आलं होतं.

गौराक्का माझ्या शेजारी पाटाजवळ बसली. एक लॉक हातात घेऊन बोटांनी दाबून पाहिला, मग दुसरा. मग नाकाशी नेला.

"वास येतोय," ती म्हणाली. "चांगला."

"शाम्पू आहे, आत्या. परवाच धुतलेत."

"धुतीस?" ती जरा मोठ्यानं म्हणाली. "साबणानं?"

"दर आठवड्याला. नाही धुतले तर खाज सुटते ना. धुवायचे, पंख्याखाली पार मुळापर्यंत वाळवायचे, नाही तर कुबट वास येतो."

"आणि काय हुत न्हाई?"

"काय व्हायचंय?"

तिनं हातातला लॉक खाली सोडला. "हातानं हुती म्हणतीस?"

"हो."

"मग कर बगू. हितं. माझ्यासमोर."

अहाहा! हे ऐकलं आणि माझ्या अंगात वीज संचारली. हे मला येत होतं! वादात मी हरले असते, पण सुई हातात दिल्यावर कोण हरतंय? मी पर्समधून क्रोशाची बारीक सुई काढली. ती मी कुठंही जाताना बरोबर ठेवतेच. पण करायचं कुणाच्या डोक्यावर? बायका झटकन मागं सरकल्या. पदर कानावर ओढून घेतले. मी दिग्विजयकडे पाहिलं. त्याचे केस तेव्हा मानेवर रुळत होते, आई कापून घे म्हणून रोज फोनवर बोलत होती.

"नाही," दिग्विजय म्हणाला.

"बस खाली," मी म्हणाले.

"चैत्राली, प्लीज. सोमवारी मला ऑफिस आहे."

"लग्न करायचंय की ऑफिसला जायचंय?"

बसला बिचारा. शालनताईंनी तोंडात पदर कोंबला. मी त्याच्या कानामागचा एक चौकोन वेगळा केला, बाकीचे केस रबरानं बांधले, आणि सुरू केलं. आधी उलटा कंगवा, टोकाकडून मुळाकडे, केस फुगून त्यांचं बोंड होईपर्यंत. मग सुई. आत घालायची, चार केस धरायचे, ओढून आणायचे, परत आत. वर-खाली, आडवं-तिडवं. सरळ केसांची लवकर होत नाही, घटका दोन घटका तरी खाते. मी तोंडानं सगळं सांगत होते. हे बघा, हा केस त्याच्यात अडकला. हे बघा, आता हा सुटायचा नाही. कुणी पोळ्या तव्यावर टाकून आल्या होत्या, त्या जळल्याचा वास आला तरी एक बाई हलली नाही.

"आई आई आई!" दिग्विजय मधूनच कळवळायचा.

"गप रे," तानूबाई त्याच्यावर डाफरली, "बगू दे की!"

आणि झाली की! बोटभर जाडीची, घट्ट, टोकाशी गोल. त्याच्या कानामागून झुलायला लागली. मी ती ओढून दाखवली. तानूबाईनं ओढून बघितली. म्हातारीनंही ओढली, जरा जास्तच जोरात.

"अगं बाई गं, माझ्या लेकाच्या डोस्क्यावर जट!" शालनताईंनी हंबरडा फोडला.

"आई, ही उद्या तेल लावून सोडवता येते," मी म्हणाले. "दुखेल त्याला, पण सुटेल."

"ही सुटंल," म्हातारी हट्टानं म्हणाली. "ही हातची हाय. हिच्या डोस्क्यावरची आपोआप आलेली."

झालं! केलेलं सगळं पाण्यात. बायका माना डोलवायला लागल्या. माझा जीव नुसता तळमळत होता. काय करू म्हणजे यांना पटेल? मी गौराक्काकडे पाहिलं. एवढा वेळ ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्या बोटांवर होती.

"आणि राखली न्हाई तर?" तिनं विचारलं.

"काय?"

"तू ह्या सुट्या करतीस. राखतीस. न्हाई राखल्या तर?"

आता कुणी मला माझ्या केसांबद्दल विचारलं की माझी गाडी सुटते. मी सुटलेच. "मग मुळाशी एकमेकींत शिरतात, आत्या! दर धुण्यानंतर बोटांनी वेगळ्या कराव्या लागतात. नाही केल्या तर दोनाची एक होते, चाराची एक होते. शेवटी सगळ्यांची मिळून एकच जाडजूड होऊन बसते. त्यात वरून तेल गेलं, हळद गेली, की धूळ धरते आणि दगडासारखी होते. जड! मान दुखते. आणि सुई लागतेच असंही नाही. नुसता कंगवा लावायचं थांबवलं तरी होतं. कुणी आजारी पडलं, महिनाभर उशीवर डोकं घासत पडून राहिलं, की मागच्या बाजूला..."

मी थांबले. उशिरा थांबले.

गौराक्काचा हात तिच्या मानेमागं गेला होता.

"मागच्या बाजूलाच आली हुती," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, कालपरवाची गोष्ट सांगावी तशी. "विषमज्वर झाला हुता मला. दीड महिना आंथरुणाला खिळून हुते. उठले तवा मागं एवढा गुंता. आई कंगवा घिऊन बसली, तर शेजारची म्हणाली, नगं गं, देवी हाय ती. आईनं कंगवा ठिवून दिला."

"आक्का," शालनताई घाबरून म्हणाल्या, "असं बोलू नगा."

"माझी सोयरीक जमली हुती तवा," गौराक्का म्हणाली. "उत्तूरचा पोरगा. सुताराचं काम करायचा. त्याची आई आली, जट बघितली, आन् माझ्या पाया पडून परत गेली."

मघाशी शालनताई माझ्याही तशाच पाया पडल्या होत्या. मी त्यावर डोळा मारला होता.

ती उठली आणि आत गेली. देवघराचं दार लावून घेतलं. बायका कुजबुजायला लागल्या, देवीला कौल लावायला गेली. दिग्विजय माझ्याजवळ येऊन बसला, कानामागं ते शेपूट हलवत. मला हसूही येईना. माझ्या बाजूनं बोलायचं म्हणजे तिनं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं की तिचा सगळा जन्म एका गुंत्यापायी गेला. कोण म्हणेल असं? तिनं नाही म्हटलं असतं तरी मी तिला एका शब्दानं दोष दिला नसता. पण मनात आपलं चाललंच होतं, हो म्हणा आत्या, हो म्हणा, हो म्हणा!

दार उघडलं. गौराक्का आली ती थेट शालनताईंसमोर.

"शालन, पोरगी देवीची न्हाई. हातची जट हाय ती. तारीख काढ, लगीन धर."

"पण आक्का, देवीनं..."

"देवीला काय इच्चारलं न्हाई मी. मला ठावं हाय ते सांगतीया."

दिग्विजयनं मला गच्च धरलं. सगळ्या बायकांसमोर! तानूबाई "अगं बया!" म्हणून खिदळली, आणि मी तर हसत होते की रडत होते मलाच कळेना. वरात! हळद! उखाणा! मी उठून गौराक्काच्या पाया पडायला गेले, तर तिनं मला खांद्याला धरून वरच्यावर थांबवलं.

"पाया नगं पडू गं. आजवर लय जणींनी पडून घेतलं. कुणी माझं डोस्कं धुवून न्हाई दिलं." आणि मग एकदम लाजून, एखाद्या परकरातल्या पोरीसारखी, "माझी सुटी हुईल का गं? तुझ्यासारखी? बारीक बारीक?"

"होईल, आत्या! कापायचीसुद्धा नाही. उभी चिरत जायची, एकीच्या दहा करू. मी करते. आत्ता करते! पण आधी धुवायला हवी. खूप पाणी लागेल, गरम."

"शालन, बंब पेटव."

बंब पेटला. परसात न्हाणीच्या दगडावर गौराक्का बसली आणि तिनं पदर काढला. दिग्विजयनंसुद्धा ती जट अशी पुरती मोकळी कधी पाहिली नव्हती. मनगटाहून जाड, हळदीनं पिवळी-काळी, तिच्या मांडीवर येऊन पडलेली. मी ती दोन्ही हातांत पेलली आणि मला तिच्या मानेचं दुखणं कळलं. शाम्पूची बाटली मी दातांनी उघडली.

"पाणी," मी म्हणाले.

शालनताई तांब्या घेऊन आल्या. भरलेला, वाफा येणारा. गौराक्काच्या डोक्यावर धरला आणि तसाच धरून राहिल्या. परसाच्या दारात सगळ्या बायका दाटीवाटीनं उभ्या.

"अगं, वत की," गौराक्का डोळे मिटून म्हणाली. "कशाची वाट बघतीस?"

"मला पाप लागंल, आक्का."

"लागू दे. वत."

आणि शालनताईंनी पाणी ओतलं.